गिरगांवची वाळू आणि टेकडीवरची झाडी

मुंबईंत गिरगांवांत राहणाऱ्या मनुष्यास समुद्रकांठची वाळू, दाट झाडी, उंचावरून दिसणारा देखावा आणि एका थोर पुरुषाचें स्मृतिस्थान हीं सर्व एकाच सकाळीं पायीं हिंडून पाहावयाचीं असलीं, तर त्यास आगगाडीचें तिकीट काढण्याचें कारण पडत नाहीं. खोताच्या वाडीच्या तोंडाशीं निघावें, चर्नी रोड स्टेशनावरचा पूल ओलांडून चौपाटीवर उतरावें, वाळूच्या कडेकडेनें जावें, आणि जेथें उपसागराची कड पश्चिमेकडे वळते तेथें टेकडीची वाट धरावी. सारी चाल फार तर एक-सव्वा कोसाची. ठिकठिकाणीं थांबत गेलें तरी उन्हें तापण्यापूर्वीं मनुष्य माथ्यावर पोहोंचतो.

चालतां चालतां एक प्रश्न मात्र मनाशीं ठेवावा. ज्या शहरांत हातभर जमिनीसाठीं माणसें आयुष्यभर कोर्टांत खेटे घालतात, त्या शहराच्या ऐन वस्तींत एवढी मोकळी वाळू आणि एवढें रान शिल्लक राहिलें तें कशामुळें?

आरंभ खोताच्या वाडीपासूनच करावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थाकडे होती. त्यानें तिचे तुकडे पाडून तेथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांस दिले आणि त्या कुटुंबांनीं येथें घरें बांधलीं. हे लोक मूळचे याच बेटांवरचे व आसपासच्या उत्तर कोंकणांतले. घरची भाषा मराठीचीच एक बोली. पुढें गोव्याहून व मंगळुराहून नोकरीसाठीं आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपलें वेगळेपण दिसावें म्हणून त्यांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झालीं त्या वेळीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. वाडींतलीं त्यांचीं घरें अद्यापि पाहण्यासारखीं आहेत. उतरतीं कौलारू छपरें, लांकडी कठड्याच्या ओसऱ्या, दाराशीं ओटा आणि बाहेरच्या अंगानें माडीवर चढणारा जिना. दोन माणसें समोरासमोर आलीं कीं एकानें अंग चोरावें लागतें इतकी कांहीं ठिकाणीं गल्ली अरुंद आहे. एके काळीं अशीं पासष्टांच्या आसपास घरें होतीं. आज त्यांतलीं निम्मीं देखील उरलेलीं नाहींत.

आतां ‘वाडी’ हा शब्द घ्यावा. मुंबईकरास वाडी म्हटलें कीं चाळींची रांग आठवते. परंतु कोंकणांत वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग. गिरगांवांतल्या वाड्याहि मूळच्या बागाच होत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी हीं नांवें कोणीं हौसेनें ठेवलेलीं नाहींत. बोरभाट व मुगभाट या नांवांतला ‘भाट’ हाहि तसाच जुना शब्द असावा, कारण गोव्यांत व दक्षिण कोंकणांत माडांच्या बागाइती जमिनीस अजून भाटच म्हणतात. इंग्रजांच्या जुन्या दप्तरांत मुंबईच्या अशा बागांस ‘ओर्ट’ म्हटलेलें आढळतें. तो पोर्तुगीजांच्या ‘होर्ता’ या बागवाचक शब्दाचा अपभ्रंश. या बागांतल्या माडांवर चढून माडी काढणें हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा होता. आज आंबेवाडींत आंबा आणि फणसवाडींत फणस शोधीत हिंडणाऱ्यास लोक हंसतील. परंतु टपालाच्या पत्त्यावर तीं झाडें अजून उभीं आहेत.

माड येथें एवढे माजले याचें कारण पायाखालीं आहे. गिरगांवचा पश्चिमेकडचा भाग मूळचा वाळूचा. पूर्वीं मुंबई हें अखंड बेट नव्हतें. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरे व मधला सारा सखल प्रदेश बुडवून टाकी. ओला रस्ता तुडवून आलेल्या माणसांनीं जेथें पाय धुवावे ती पायधुणी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हॉर्नबी गव्हर्नराच्या वेळीं तें खिंडार बांध घालून बंद करण्यांत आलें. तोंवर गिरगांव म्हणजे एका बाजूस उपसागर आणि दुसऱ्या बाजूस दलदल यांच्या मधला कोरडा पट्टा होता. गांवाच्या नांवांतला ‘गिरि’ म्हणजे शेजारची मलबार टेकडी, अशी त्या नांवाची उपपत्ति सांगतात. तेव्हां डोंगराच्या पायथ्याशीं वाळूवर वसलेलें गांव, असें त्याचें वर्णन करावयास हरकत नाहीं.

समुद्रकांठीं वाळूचे असे उंचवटे कसे बनतात हें समजून घेण्यासारखें आहे. पावसाळ्यांत लाटा उंच आणि एकामागून एक अशा घाईनें येतात. त्या किनाऱ्यावरची वाळू ओढून आंत नेतात. हिवाळ्यांत समुद्र शांत झाला कीं तीच वाळू लहान लाटा हळूहळू परत आणून टाकतात. भरतीच्या रेषेच्या वर पडलेली वाळू उन्हानें सुकते, आणि मग तिच्यावर वाऱ्याची सत्ता चालूं लागते. वारा कण ढकलीत, उडवीत जमिनीकडे नेतो. पण वाटेंत एखादें झुडूप, दगड किंवा लांकडाचा ओंडका आडवा आला कीं त्याचा वेग मोडतो आणि कण तेथेंच पडतात. अशा रीतीनें ढीग वाढतो. या कामीं पहिली चाकरी बजावते ती मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची ही वेल भरतीच्या रेषेला लागून पसरते. समुद्राची मर्यादा दाखविणारी म्हणून तिचें नांवच तसें पडलें. तिच्या पेरापेरास मुळ्या फुटतात. वाळूनें तिला गाडलें तर ती वर येते, पुन्हां गाडलें तर पुन्हां वर येते, आणि प्रत्येक खेपेस ढीग थोडा उंच होतो. तिच्या आडोशास केवडा, उंडी यांसारखीं झाडें धरतात. मागाहून मनुष्य येऊन माड लावतो, आणि अलीकडे सुरू. सुरू हें झाड परदेशचें. कोंकणच्या किनाऱ्यावर वारा अडविण्यासाठीं तें लावण्यांत आलें व आज तें तेथलेंच वाटतें. असा खराखुरा मोठा वाळूचा डोंगर ज्यास पाहावयाचा असेल त्यानें दापोली तालुक्यांतील केळशी गांवीं, भारजा नदीच्या मुखाशीं जावें. गिरगांवांत ती मूळची रचना आतां घरांखालीं आणि डांबराखालीं गेलेली आहे.

झाडें वाळूस धरून ठेवतात, आणि वाळू त्या झाडांस पाणी पुरविते. हा दुसरा व्यवहार पहिल्याहून अधिक नवलाचा. वाळूंत पडलेला पाऊस वाहून न जातां आंत मुरतो. खालीं समुद्राचें खारें पाणी असतें. आणि गोडें पाणी हलकें असल्यामुळें त्याच्यावर तरंगून राहतें. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडें पाणी असलें तर त्या पातळीच्या खालीं सुमारें चाळीस फुटांपर्यंत तें सांपडतें, असा हिशेब आहे. म्हणूनच लाटांपासून हांकेच्या अंतरावर गोड्या पाण्याची विहीर लागते. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालीं खणलेली. तेव्हां समुद्र तिच्या आजच्यापेक्षां कितीतरी जवळ होता, आणि तरीहि तिचें पाणी गोडें. मात्र विहिरींतून उपसा फार झाला तर खालचें खारें पाणी वर चढतें व एकदां चढलेलें लवकर उतरत नाहीं. गिरगांवच्या वाड्यांतून अशा पुष्कळ विहिरी होत्या. १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईंतील हिंवतापाचें खापर या विहिरींतल्या डांसांवर फोडलें, आणि त्यानंतर अनेक विहिरी बुजविण्यांत किंवा झांकण्यांत आल्या. हिंवताप कमी करण्यासाठीं तें करणें भाग होतें. परंतु आपण वाळूवर राहतों ही गोष्ट गिरगांवकर तेव्हांपासूनच विसरूं लागला असें म्हणावयास जागा आहे.

असो. वाडींतून निघून स्टेशनाकडे येतांना आणखी एक नांव वाटेंत आडवें येतें. चर्नी रोड. सरकारनें किल्ल्यापुढच्या मैदानांत गुरें चारण्यावर कर बसविला. गरिबांस तो झेपेना. तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांनीं १८३८ सालीं ठाकुरद्वाराजवळ वीस हजार रुपयांस जमीन विकत घेऊन ती गुरांस फुकट चरावयास मोकळी केली. त्या चरणीवरून हें नांव. पुढें रेल्वेचे रूळ किनाऱ्याला धरून टाकण्यांत आले, आणि गिरगांव व त्याची वाळू यांच्यामध्यें पहिली भिंत उभी राहिली. त्यानंतर मरीन ड्राइव्हचा भराव पडला. १९३० नंतरच्या दशकांत तयार झालेला तो रस्ता फार सुंदर आहे यांत वाद नाहीं. पण त्याच्या खालीं जुना किनारा गाडला गेला आहे. उपसागराच्या माथ्याशीं चौपाटीचा तुकडा तेवढा उघडा राहिला. चौपाटी म्हणजे पूर्वीं येथें समुद्राला मिळणाऱ्या चार पाटांची जागा. उत्तरेस पालघरकडे जसें सातपाटी तशी ही चौपाटी. त्या पाटांचा आज मागमूस नाहीं.

ह्या वाळूवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचें तें काम. भेळेच्या गाड्यांकडे लगबगीनें जाणारे बहुतेक लोक त्याच्याकडे मान वळवून पाहात नाहींत, आणि पाहणाऱ्यांपैकींहि पुष्कळांस वाटतें कीं मोकळी जागा होती म्हणून पुतळा उभारला. गोष्ट उलटी आहे. पुतळा जेथें आहे तेथेंच लोकमान्यांच्या देहास अग्नि दिला गेला.

१९२० सालच्या जुलै महिन्याच्या अखेरच्या रात्रीं, मध्यरात्र उलटून ऑगस्टची पहिली तारीख लागल्यावर, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहांत लोकमान्यांनीं देह ठेवला. बातमी रातोरात पसरली. हिंदूंची स्मशानभूमि सोनापुरांत, म्हणजे याच किनाऱ्यालगत. नेहमींच्या रिवाजाप्रमाणें यात्रा तेथें जावयाची. परंतु लोटलेला समुदाय पाहतां सोनापुराच्या आवारांत त्याचा समावेश होणें शक्य नव्हतें. पुढाऱ्यांनीं चौपाटीच्या वाळूवर दहन करण्याची खास परवानगी मिळविली. पाऊस कोसळत होता. लाखों लोक त्या पावसांत चालले. खांदा देणाऱ्यांत महात्मा गांधी होते, मौलाना शौकत अल्ली होते. वाळूवर चंदनाची चिता रचण्यांत आली, आणि लोकमान्यांचा देह आडवा न ठेवतां बसलेल्या स्थितींत, पद्मासनांत, तिच्यावर ठेवण्यांत आला. असहकारितेच्या चळवळीचा आरंभहि ठरल्याप्रमाणें त्याच दिवशीं व्हावयाचा होता, आणि तो झाला.

त्या दिवसानंतर चौपाटीची वाळू ही नुसती वाळू राहिली नाहीं. सभांना येथें लोक आधींहि जमत. आतां त्या जागेस एक अधिष्ठान मिळालें. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत येथें कायदेभंग झाला. विठ्ठलभाई पटेल १९३३ सालीं परदेशीं वारले. त्यांचें दहन सोनापुरांत झालें, पण त्यांचाहि पुतळा पुढें चौपाटीवरच उभा राहिला. गणपतिविसर्जनाच्या रात्रीं तर सारी मुंबई येथें लोटते, आणि तो उत्सवहि याच गिरगांवांत, केशवजी नाईकांच्या चाळींत, १८९३ सालीं सार्वजनिक रीतीनें बसलेला. मुंबईंत भराव घालण्याच्या योजना शंभर वर्षांत कमी झाल्या नाहींत. समुद्रकांठचें बांधकाम रोखणारा केंद्र सरकारचा नियम, ज्यांत वाळूच्या टेकड्यांस हात लावण्यासहि मनाई आहे, तो १९९१ सालचा. त्यापूर्वींच्या सत्तर वर्षांत चौपाटीवर भिंत घालावयास कोणी धजला नाहीं, याचें श्रेय त्या चितेस पुष्कळ अंशीं द्यावें लागेल.

चौपाटीच्या टोकाशीं वाळू संपते आणि टेकडी सुरू होते. ही टेकडी दख्खनच्याच काळ्या पाषाणाची, ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. मुंबई बेटांतला सर्वांत उंच भाग हाच, समुद्रापासून सुमारें पन्नास मीटर. पण गंमत अशी कीं, खडकाच्या या टेकडीवरचें जें सर्वांत जुनें देवस्थान त्याचें नांव वाळूवरून पडलेलें आहे. वाळकेश्वर म्हणजे वालुकेश्वर. रामचंद्र लंकेस जातांना येथें थांबले. पूजेसाठीं लिंग आणावयास लक्ष्मण काशीस गेला. त्यास उशीर झाला म्हणून रामानें किनाऱ्यावरच्या वाळूचेंच लिंग केलें, आणि तहान लागली तेव्हां बाण मारून पाणी काढलें, ती बाणगंगा. अशी ही कथा आहे. कथा म्हणून ती सोडून द्यावी, तरी वाळूखालीं गोडें पाणी असतें हें ती रचणारास ठाऊक होतें एवढें तरी कबूल करावें. पोर्तुगीजांच्या काळांत मोडलेलें मंदिर १७१५ सालीं रामा कामत यांनीं पुन्हां उभारलें. टेकडीच्या अलीकडच्या उतारावर बाबुलनाथ. त्याच्या नांवांत बाभळीचें झाड आहे.

या देवस्थानांस जाणारे यात्रेकरू गिरगांवाकडून ज्या पायवाटेनें टेकडी चढत ती ‘शिडी’. इंग्रजांच्या तोंडीं तिची ‘सिरी’ झाली व सिरी रोड हें नांव अद्यापि कायम आहे. मोटारींचे रस्ते दुसरीकडून गेल्यामुळें या वाटेस कोणी फारसें विचारीत नाहीं, आणि तिच्या आजूबाजूचें रान टिकलें त्याचें तें एक कारण. परंतु मोठें कारण आणखी वर आहे.

जॉन फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य १६७३ च्या सुमारास मुंबईस आला. त्यानें या टेकडीचें चार ओळींचें वर्णन लिहून ठेवलें आहे. टेकडी खडकाळ आहे, झाडीची आहे, तिच्यावर उंच गवत माजतें. समुद्राकडच्या उतारावर एका मोठ्या देवळाचे अवशेष व गोड्या पाण्याचें तळें आहे. आणि माथ्यावर पारशांनीं नुकतेंच एक मृतस्थान बांधलें आहे, असा त्याचा आशय. साडेतीनशें वर्षें झालीं. देऊळ पुन्हां उभें राहिलें, तळें आहे तेथेंच आहे. आणि गवत व झाडी यांपैकीं जें उरलें तें मुख्यतः त्या मृतस्थानाभोवतीं. तीच पारशांची डुंगरवाडी. पन्नास एकरांहून अधिक जमीन, वर्दळ नाहीं, कुऱ्हाड नाहीं, परक्या माणसास प्रवेश नाहीं. मोर तेथें आजहि आहेत. गिधाडें मात्र नाहींत. गुरांस देण्यांत येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधानें मेलेलीं जनावरें खाऊन हिंदुस्थानांतलीं गिधाडें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लाखांनीं मेलीं, आणि डुंगरवाडीचा एक जुना सोबती गेला.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर या दोन जागांत मिळतें. चौपाटीची वाळू एका चितेमुळें राहिली, टेकडीवरचें रान पारशांच्या मृतांमुळें राहिलें. कोंकणांत गांवोगांव देवराया आहेत. तेथें वाळकी काटकी देखील कोणी घरीं नेत नाहीं, कारण ती देवाची. मुंबईंत देवराईचें काम मृतांनीं केलें आहे. जिवंत माणसांच्या घरांस असा राखणदार मिळत नाहीं, ही या गोष्टीची दुसरी बाजू. खोताच्या वाडींत कोणाचें दहन झालेलें नाहीं. तेथें माणसें केवळ जन्मलीं, लग्नें झालीं, नाताळांत घरें सजलीं. म्हणून तेथलें एक घर वारसांच्या भांडणांत, दुसरें दुरुस्तीच्या खर्चाखालीं, तिसरें बिल्डराच्या आंकड्यापुढें, असें एकेक करून जातें. आणि घर गेलें कीं त्यामागचें आंगणांतलें झाडहि जातें.

टेकडीच्या रानांत सामान्य माणसास शिरतां येईल अशी सोय आतां झाली आहे. कमला नेहरू उद्यानाच्या मागच्या बाजूस, सिरी रोडलगतच्या झाडींतून डुंगरवाडीच्या दिशेनें महानगरपालिकेनें उंच खांबांवर एक लांकडी पायवाट बांधली असून ती ३० मार्च २०२५ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं, लोकांस मोकळी झाली. लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर. सिंगापुरांत झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी अशी वाट आहे, तिच्यावरून ही कल्पना घेतलेली. जमिनीवरून रस्ता काढला असता तर उतार कापावा लागला असता, मुळ्या तुटल्या असत्या, आणि रोजच्या हजारों पावलांनीं माती घट्ट होऊन पाणी मुरणें बंद झालें असतें. खांबांवरची वाट जेथें खांब रोवला तेवढीच जमीन घेते. बाकीचा पालापाचोळा, सरडे, मुंग्या खालीं आपल्या कामास मोकळे. चालणारा मनुष्य खोडाच्या पायथ्याशीं नसून फांद्यांच्या पातळीवर असतो, त्यामुळें एरवीं नुसते ऐकूं येणारे पक्षी समोर दिसतात. तिकीट उघडण्याच्या वेळीं पंचवीस रुपये ठेवलेलें. आगाऊ नोंदणी करावी लागते आणि ठराविक संख्येच्या तुकड्या तासातासानें आंत सोडतात. रानांत जावयास वेळेचें बंधन कां, असें कोणी कुरकुरतो. पण गर्दीस आवर घातला नाहीं तर त्या रानाची दशा काय होईल हें चौपाटीवर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहावें.

हें रान केवळ डोळ्यांच्या सुखासाठीं नाहीं. ५ ऑगस्ट २०२० च्या तुफानी पावसांत केम्प्स कॉर्नरजवळ या टेकडीची एक बाजू ढांसळून झाडांसकट रस्त्यावर आली. उतारावरची माती मुळ्यांनीं शिवलेली असते. शिवण एका ठिकाणीं उसवली कीं वरचा रस्ता देखील खचतो, आणि तो खचलाहि. तरीहि टेकडीवरचें ओझें वाढतच आहे. माथ्यावरच्या टांगत्या बागेखालीं ब्रिटिश अमदानींतला पाण्याचा मोठा जलाशय आहे. दक्षिण मुंबईचें पाणी तेथून सुटतें. तो पाडून नवा बांधण्याची योजना अलीकडे निघाली होती, आणि तिच्यांत शेंकडों झाडांवर गदा येणार होती. रहिवाशांनीं विरोध केला, तज्ज्ञांनीं जलाशयाची पाहणी केली, आणि पाडण्याऐवजीं दुरुस्ती करण्यावर भागलें. टेकडीच्या पोटांतून तर किनारी रस्त्याचे दोन बोगदे गेलेच आहेत. प्रियदर्शिनी उद्यानापासून चौपाटीच्या बाजूपर्यंत, प्रत्येकीं सुमारें दोन किलोमीटरांचे. ते खणणाऱ्या बारा मीटरांहून अधिक व्यासाच्या यंत्रास ‘मावळा’ असें नांव दिलें होतें, आणि मार्च २०२४ पासून त्या रस्त्यानें मोटारी धांवूं लागल्या. वर मोर ओरडतो, त्याच्या खालीं कोणी ताशीं साठ किलोमीटरांनीं वरळीहून येतो. एकास दुसऱ्याची वार्ता नसते.

पायवाटेच्या एका अंगास पुढें काढलेला सज्जा आहे. त्याच्या तळाशीं कांचेचा भाग असून त्यावर उभें राहिल्यास खालचीं झुडपें पायांखालीं दिसतात. ज्यास भोंवळ येते त्यानें कठड्यापाशींच थांबावें. येथून उपसागराची सारी कमान नजरेंत येते. रात्रीं दिवे लागले म्हणजे या कमानीस राणीचा रत्नहार म्हणतात. परंतु सकाळीं दिसतें तें अधिक खरें. पलीकडे भरावावरचा काळा कठडा. आणि कमानीच्या माथ्याशीं, सगळ्या दगडांमध्यें, एक फिकट पट्टा. तीच ती वाळू. ओहोटीची वेळ असली तर तिची ओली कड चकाकत असते. त्या बाजूस लोकमान्य उभे आहेत हें ठाऊक असणाराची नजर तेथें थोडी थांबते.

मग गिरगांवचा मनुष्य हटकून आपलें घर शोधूं लागतो. रेल्वेचे रूळ सांपडतात, सैफी रुग्णालयाची इमारत सांपडते. तिच्या मागें कोठें तरी ठाकुरद्वार असणार. पण खोताच्या वाडीचीं कौलें कांहीं दिसत नाहींत. मध्यें तीस-तीस मजल्यांच्या इमारती आल्या आहेत, आणि एकीवर अजून क्रेन आहे. तो बोट दाखवून मुलास सांगतो कीं त्या दोन इमारतींच्या फटींत, जरा डावीकडे. मूल म्हणतें, कांहीं दिसत नाहीं. इतक्यांत पुढच्या तुकडीची वेळ झाल्याची सूचना येते, आणि मंडळी परतीच्या वाटेस लागतात.